काडीमोड ते कलम १३-ब

विवाहविच्छेदासाठी आज मराठीत सर्रास वापरला जाणारा शब्द 'घटस्फोट' हा आहे. वर्तमानपत्रांत, न्यायालयांत, कथा-कादंबऱ्यांत तो इतका रुळला आहे की त्यातला घट कोणता आणि तो कोणी फोडला, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो विचारू पाहतो. कोणाचाही दोष सिद्ध न करता विभक्त होण्याचा जो मार्ग हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आला, त्याचा इतिहास आम्हांस अभिप्रेत आहे. हा इतिहास पाश्चात्त्य सुधारणेच्या अनुकरणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आमच्या मते त्याचा निम्मा भाग आपल्याच बोलीत दडलेला आहे, आणि नांदेड-लातूरकडच्या मुलखात तो अजून ऐकू येतो.

प्रथम घटाविषयी. धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला जातीबाहेर टाकण्याचा विधी आहे. महापातक करून प्रायश्चित्त न घेणाऱ्याचे नातलग एकत्र जमत. तो जिवंत असतानाच त्याला मृत मानून त्याच्या नावाने उदकक्रिया होई, आणि दासीने पाण्याने भरलेला घट पायाने उलथवायचा, असे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे. यानंतर त्याच्याशी बोलणे, एकत्र बसणे, त्याला वारसा देणे, हे सारे बंद. पुढे त्याने प्रायश्चित्त घेतलेच, तर नातलगांनी त्याच्याबरोबर स्नान करून पाण्याने भरलेला नवा घट जलाशयात सोडायचा, म्हणजे तो पुन्हा गोतात आला. थोडक्यात, घटस्फोटाला एक दोषी लागतो. कोणीतरी पतित ठरल्याशिवाय घट उलथत नाही. हा बहिष्काराचा शब्द पुढे नवरा-बायकोच्या ताटातुटीला चिकटला आणि त्याबरोबर दोषाची कल्पनाही चिकटली. 'घटस्फोटिता' या शब्दाला आजही जी एक छटा आहे, तिचे मूळ या उलथलेल्या घटात असावे, असे आम्हांस वाटते.

परंतु मराठीत याच गोष्टीसाठी आणखी तीन शब्द आहेत, आणि त्यांपैकी एकालाही पतित लागत नाही. पहिला 'काडीमोड'. पंचांसमोर गवताची काडी मोडायची आणि संबंध संपल्याचे जाहीर करायचे, ही चाल महाराष्ट्रातील बहुसंख्य ब्राह्मणेतर जातींत होती. दुसरा 'सोडचिठ्ठी', म्हणजे सोडल्याची चिठ्ठी. तिसरा 'फारकत' किंवा 'फारखत', हा फारसीतून आलेला. देण्याघेण्याच्या व्यवहारात हिशेब चुकता झाल्यावर जो मुक्ततेचा कागद लिहून देत, तोही फारखतच. मराठवाडा दीर्घ काळ हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या अदालतींचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे या भागाच्या तोंडी 'फारकत' हा शब्द अधिक बसला. एखाद्या खेड्यातील म्हातारी आजही 'घटस्फोट झाला' असे म्हणण्यापेक्षा 'फारकत झाली' असे म्हणेल. या तिन्ही शब्दांत मोडणे आहे, सोडणे आहे, हिशेब मिटणे आहे. पाप कोठेच नाही.

यावरून असे मात्र समजू नये की काडीमोडाच्या जगात स्त्री-पुरुष समान होते. पंच पुरुषच असत. स्त्रीला दुसरे घर करायचे असेल तर पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च परत करावा लागे, आणि तो बहुधा दुसऱ्या नवऱ्याने भरायचा असे. दुसऱ्या विवाहाला 'पाट' किंवा 'मोहतूर' म्हणत, आणि त्याला लग्नाची प्रतिष्ठा नसे. पेशवाईत सरकार या पाटावर 'पाटदाम' नावाचा करही घेई. म्हणजे समाजाला आणि सरकारला हा व्यवहार ठाऊक होता, मान्य होता, आणि त्यातून उत्पन्नही होते. काडीमोडाचा आमच्या दृष्टीने मोठा गुण एवढाच, की तो करताना कोणाला तरी व्यभिचारी, क्रूर किंवा वेडे सिद्ध करण्याची सक्ती नव्हती. एकत्र नांदणे होत नाही, एवढे पंचांना पटले की पुरे.

शास्त्रातही या विचाराला अगदीच जागा नव्हती असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात पती-पत्नींच्या संबंधविच्छेदाला 'मोक्ष' असा शब्द आहे. तिथला नियम असा की एकाच्याच मनात द्वेष असेल आणि दुसऱ्याची इच्छा नसेल तर मोक्ष नाही, मात्र द्वेष परस्पर असेल तर तो मिळतो. ज्याला आपण आज परस्परसंमती म्हणतो, त्याचा इतका जुना आणि इतका कोरडा उल्लेख क्वचितच सापडेल. पण कौटिल्य लगेच पुढे बजावतो की धर्म्य विवाहांना, म्हणजे ब्राह्म इत्यादी पहिल्या चार प्रकारांना, मोक्ष नाही. वरच्या वर्णांचे लग्न अभेद्य आणि इतरांचे सुटण्याजोगे, ही विभागणी तिथूनच दिसते. पुढची दोन हजार वर्षे ती टिकली.

इंग्रजी अमलात या विभागणीला एक विचित्र वळण लागले. एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या रूढी गोळा केल्या. १८२७ साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. पाट आणि सोडचिठ्ठी या चालींची तीत नोंद आहे. म्हणजे सरकारने रूढी विचारून घेतल्या होत्या. पण न्यायालये जसजशी बळकट झाली तसतसे त्या रूढींकडे पाहण्याची नजर बदलली. १८७६च्या एका निकालात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की विवाह रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. जातीने संमती दिली होती, अशा प्रामाणिक समजुतीने दुसरे लग्न केले, हा द्विभार्या-द्विपतिविषयक गुन्ह्याच्या आरोपावर बचाव होऊ शकत नाही. जे काल पंचांसमोर रीतसर होते, ते आज फौजदारी गुन्ह्याच्या कक्षेत आले. जातपंचायतीची सत्ता मोडली याबद्दल आम्हांस खेद नाही. खेद याचा, की ती मोडताना तिच्या जागी स्त्रीला सुटण्याचा दुसरा दरवाजा कोणी ठेवला नाही.

रखमाबाईंचा खटला याच काळातला. १८८४ साली पतीने त्यांना नांदावयास आणण्यासाठी दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा पर्याय रखमाबाईंपुढे ठेवला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली, हे सर्वश्रुत आहे. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन हे प्रकरण आपसांत मिटले. यातील एक बारकावा फारसा सांगितला जात नाही. रखमाबाई सुतार जातीच्या. त्यांच्या विधवा आईचा पुनर्विवाह जातीच्या रीतीने विनाअडथळा झाला होता. ज्या समाजात विवाहसंबंध इतका लवचिक होता, त्यातील मुलीवर इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांतून उचललेला नांदवण्याचा दावा लादला गेला. तो प्रकार इंग्लंडने १९७० साली रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९च्या रूपाने तो आजही आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी भाषकांची अवस्था मोठी मौजेची होती. कोणत्या सरकारच्या हद्दीत आपण जन्मलो, यावर आपले लग्न सुटू शकते की नाही हे ठरत होते. पोर्तुगीज प्रजासत्ताकाने ३ नोव्हेंबर १९१०च्या हुकमाने घटस्फोट मान्य केला, आणि तोही परस्परसंमतीसह, त्यामुळे गोव्यात हा मार्ग फार लवकर उघडला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली घटस्फोटाविषयी कायदा केला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात मात्र १९४७ उजाडावे लागले. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने मुंबईचा तो कायदाही इथे लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा निजामाच्या अमलातून मुक्त झाला, तरी १ नोव्हेंबर १९५६पर्यंत तो हैदराबाद राज्यातच राहिला. म्हणजे पुणे-साताऱ्यातील स्त्रीला १९४७ साली जो मार्ग मिळाला, तो नांदेडच्या किंवा लातूरच्या स्त्रीला त्या कायद्याने मिळाला नाही. तिला काडीमोड होता, तोही तिची जात तो मानत असेल तरच.

विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी १९३४ची आहे, हे या संदर्भात ध्यानात ठेवावे. पतीपासून दुरावलेली सुशिक्षित नायिका दुसऱ्या पुरुषाबरोबर जीवन सुरू करते, याचा त्या काळी केवढा गहजब झाला! समीक्षकांनी त्यावर नीती-अनीतीच्या अंगाने बरेच लिहिले. पण त्या नायिकेसमोर दुसरा कायदेशीर रस्ता होता का, हा साधा प्रश्न विचारला तर कादंबरीचा ताण वेगळाच भासू लागतो. कादंबरीतील बंडखोरी ही अंशतः कायद्याच्या अभावाची निर्मिती आहे. पांढरपेशा घरातील नायिकेला जे अग्निदिव्य वाटते, ते तिच्याच गावातील एखाद्या कुणबी स्त्रीने पाच पंचांसमोर कधीच उरकलेले असू शकते. आपल्या वाङ्मयेतिहासात या दोन स्त्रिया एकमेकींना भेटत नाहीत. साहित्याच्या अभ्यासकांनी या न झालेल्या भेटीचा विचार करावा, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

ही भेट घडवून आणण्याचा प्रयत्न डॉ. आंबेडकरांनी संसदेत केला. हिंदू संहितेच्या विधेयकातील घटस्फोटाच्या तरतुदीवर 'हिंदू संस्कृतीचा नाश' असा आक्षेप आला, तेव्हा त्यांच्या उत्तराचा रोख असा होता की ज्यांना शूद्र म्हटले जाते त्या जातींत, म्हणजे हिंदूंच्या फार मोठ्या भागात, घटस्फोटाची रूढी आहेच. मग थोड्यांचा नियम सर्वांचा धर्म कसा ठरतो? या युक्तिवादाने वादाची दिशाच पालटते. घटस्फोट ही बाहेरून आणलेली वस्तू नसून बहुजनांची चाल आहे, आणि प्रश्न तिला कायद्याची प्रतिष्ठा देण्याचा आहे, असे ते सांगत होते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला.

या कायद्याचे दुसरे कलम वाचताना जणू नांदेड-लातूरचे लोकजीवनच नजरेसमोर येते. हा कायदा वीरशैव आणि लिंगायतांना लागू आहे, आर्यसमाजाच्या अनुयायांना लागू आहे, बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, असे त्यात नावांनिशी म्हटले आहे. लातूर-उदगीरकडचा लिंगायत समाज, हैदराबादच्या मुक्तिलढ्याने या भागात रुजलेला आर्यसमाज, १९५६च्या धर्मांतरानंतरचा बौद्ध समाज आणि नांदेडच्या हुजूर साहिबभोवतीचा शीख समाज एका ओळीत येऊन बसतात. त्याच कलमात अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज, हा कायदा लागू नाही. किनवट-माहूर भागातील गोंड, कोलाम, आंध यांच्या लग्नांचे आणि ताटातुटींचे नियम म्हणून आजही रूढीतच शोधावे लागतात. मुस्लिमांचा मार्ग निराळा. त्यांच्या विधीत 'मुबारात' म्हणजे दोघांच्या संमतीने विवाह संपवणे हा प्रकार पूर्वापार आहे. ख्रिस्ती विवाहांसाठी मात्र १८६९च्या कायद्यात परस्परसंमतीचे कलम यायला २००१ साल लागले.

१९५५च्या कायद्याने घटस्फोट दिला खरा, पण तो घटाच्या अर्थानेच दिला. अर्ज करणाऱ्याने समोरच्याचा दोष सिद्ध करायचा. आज ऐकून आश्चर्य वाटेल, पण क्रूरता आणि सोडून जाणे ही कारणे १९७६पर्यंत हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाला पुरेशी नव्हती. त्यांवर फक्त न्यायिक विभक्तता मिळे. गंमत अशी की परस्परसंमतीची तरतूद १९५४च्या विशेष विवाह कायद्यात पहिल्यापासून होती. नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांना जे मिळाले, ते सप्तपदी चालणाऱ्यांना बावीस वर्षे नाकारले गेले. लग्न हा करार असेल तर तो दोघांनी मोडावा, संस्कार असेल तर मोडू नये, ही कौटिल्यकालीन विभागणी विसाव्या शतकात अशी पुन्हा अवतरली.

तथापि १९५५च्या कायद्यात एक छोटी खिडकी होती. कलम २९च्या दुसऱ्या पोटकलमाने रूढीने मिळणारा विवाहविच्छेदाचा हक्क अबाधित ठेवला. म्हणजे काडीमोड कायद्याने मारला नाही, फक्त सिद्ध करण्याचा भार त्यावर टाकला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हे स्पष्ट केले की अशी रूढी आहे असे नुसते म्हणून भागत नाही. ती विशेषत्वाने मांडावी आणि पुराव्याने शाबीत करावी लागते. पुढे १९६४च्या दुरुस्तीने, विभक्ततेचा किंवा नांदवण्याचा हुकूमनामा होऊनही ठरावीक काळ सहवास न झाल्यास दोघांपैकी कोणालाही, दोषी पक्षालासुद्धा, घटस्फोट मागता येऊ लागला. दोषाची भिंत इथे पहिल्यांदा तडकली. २७ मे १९७६ पासून कलम १३-ब आले आणि दोघांनी मिळून अर्ज करण्याचा रस्ता खुला झाला.

जगाच्या पाठीवर हे नेमके कोणत्या सुमारास घडत होते, हेही पाहावे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा दोषविरहित घटस्फोटाचा कायदा १ जानेवारी १९७० पासून लागू झाला. इंग्लंडचा १९६९चा सुधारणा कायदा १९७१ पासून अमलात आला, तरी दोषारोप पूर्ण नाहीसे व्हायला तिथे ६ एप्रिल २०२२ उजाडला. कॅलिफोर्नियात एकाच्या इच्छेने विवाह संपू शकतो. आपल्याकडे मात्र दोघांची इच्छा लागते. द्वेष परस्पर असेल तरच मोक्ष, हा नियम आपण सोडलेला नाही.

प्रत्यक्षात हा रस्ता कसा आहे? लग्न जिथे लागले, दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले, किंवा पत्नी सध्या जिथे राहते, तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. पत्नीच्या निवासाची सोय सर्व अर्जांसाठी २००३च्या दुरुस्तीने आली. ज्या लेकी माहेरी परतल्या आहेत, त्यांच्या दृष्टीने या एका वाक्याचे मोल फार आहे. सासर पुण्याचे असले तरी अहमदपूरच्या किंवा देगलूरच्या मुलीला पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. कुटुंब न्यायालय असेल तिथे हा अर्ज त्या न्यायालयात जातो, नसेल तिथे दिवाणी न्यायालयात. लग्नाला एक वर्ष झालेले असावे, किमान एक वर्ष दोघे विभक्त राहिलेले असावेत, एकत्र नांदणे शक्य झालेले नाही आणि विवाह संपवण्याचे दोघांनी ठरवले आहे, एवढेच म्हणायचे असते. लग्नपत्रिका, लग्नातले फोटो किंवा नोंदणीचा दाखला, दोघांची शपथपत्रे आणि ठरलेल्या अटींची पुरसिस अर्जासोबत लागते. पोटगी एकरकमी किती, मुले कोणाकडे, भेटीचे दिवस कोणते, दागिने आणि आंदणाची भांडी कोणाची, एकमेकांवरच्या फिर्यादींचे काय, हे त्या पुरसिशीत लिहिलेले असते. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी येऊन तीच इच्छा सांगायची. संमती बळाने, फसवणुकीने किंवा दडपणाने घेतलेली नाही, अशी खात्री न्यायाधीशांनी करून घ्यायची, आणि मग हुकूमनामा.

मधल्या सहा महिन्यांचा अर्थ काय, यावर न्यायालयांत बराच विचार झाला आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे, मधल्या काळात एक जण ती मागे घेऊ शकतो. त्याच निकालात विभक्त राहणे म्हणजे वेगळ्या छपराखालीच राहणे असे नव्हे, हेही सांगितले. ज्या घरांत वेगळे छप्परच परवडत नाही, तिथल्यांना या दुसऱ्या वाक्याची किंमत कळेल. १२ सप्टेंबर २०१७च्या निकालाने हे सहा महिने बंधनकारक नाहीत असे ठरले. दीड वर्ष दुरावा झालेला असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील, पोटगी आणि मुलांचा प्रश्न मिटला असेल, तर न्यायालय ते माफ करू शकते. १ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आणखी पुढे जाऊन, विवाह पुन्हा जुळण्यापलीकडे मोडला असेल तर एकाची संमती नसतानाही अनुच्छेद १४२खाली तो संपवता येईल असे म्हटले. पण हा अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयाचा, आणि तो कोणी हक्क म्हणून मागू शकत नाही. नांदेडच्या न्यायाधीशांना तो नाही, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठालाही नाही.

हा अधिकार खालच्या न्यायालयांना द्यावा अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ साली आणि पुन्हा २००९ साली केली. १९८१चे विधेयक बारगळले. २०१०चे विधेयक राज्यसभेने २०१३ साली संमत केले, परंतु लोकसभा विसर्जित झाल्यावर तेही गेले. विरोध करणाऱ्यांत केवळ सनातनी नव्हते, स्त्रीसंघटनाही होत्या. त्यांचे म्हणणे असे की घरात आणि शेतात स्त्रीचा वाटा नसताना दोष न दाखवता लग्न संपवण्याची मुभा म्हणजे पुरुषाला मोकळे रान. २०१०च्या विधेयकात म्हणूनच पत्नीला आर्थिक हलाखीच्या कारणावरून विरोध करण्याचा हक्क ठेवलेला होता. हा आक्षेप आम्हांस निर्णायक वाटत नाही, पण तो बाजूला सारण्याजोगाही नाही.

कारण या मुलखात आणखी एक शब्द आहे : 'टाकलेली'. नवऱ्याने नांदवायचे बंद केले, दुसरी आणली किंवा न आणली, फारकत मात्र दिली नाही, अशी ती. या क्रियापदाचे पुल्लिंगी रूप व्याकरणात आहे, व्यवहारात नाही. 'टाकलेला' असे कोणा पुरुषाविषयी कोणी बोलत नाही. १९८८ साली समता आंदोलनाने संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरवली आणि या स्त्रियांचा प्रश्न पहिल्यांदा त्यांच्या तोंडून समाजासमोर आला. निशा शिवूरकर यांचे 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक याच चळवळीचे आहे. टाकलेलीला कलम १३-बचा काय उपयोग? ज्याने टाकले तो अर्जावर सही करायला येत नाही, आणि आलाच तर सहीची किंमत मागतो : पोटगीचा दावा काढून घे, छळाची फिर्याद मागे घे, दागिन्यांचे नाव काढू नकोस. मग पुरसिशीवर दोघांच्या सह्या होतात. न्यायाधीश विचारतात, दडपण आहे का? ती नाही म्हणते. कायद्याच्या भाषेत ही परस्परसंमती, आणि तिच्या भाषेत सुटका. दोन्ही खरे आहे.

दुसरा धोका कागदाचा. मुद्रांकावर 'फारकतनामा' टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून, दोन्हीकडच्या चार माणसांच्या सह्या घेऊन लग्न मोडल्याचे समाधान मानणारी कुटुंबे आजही आहेत. काडीमोडाचाच हा टंकलिखित अवतार. जातीची रूढी न्यायालयात शाबीत झाली नाही तर हा कागद विवाह संपवत नाही, आणि त्यावर विसंबून केलेले दुसरे लग्न अवैध ठरते. झळ लागते ती बहुधा त्या दुसऱ्या लग्नातील स्त्रीला, कारण कायद्याने ती पत्नीच नसते. १८७६च्या निकालाने उघडलेली ही दरी दीडशे वर्षांत बुजलेली नाही. लोकांना काडीमोड साधा, स्वस्त आणि चार माणसांदेखत झालेला हवा असतो. न्यायालयाचा मार्ग तितका साधा झाला नाही, तोवर नोटरीच्या टेबलापुढची गर्दी हटणार नाही.

या सर्व इतिहासात आम्हांस एक गोष्ट विशेष खटकते. परस्परसंमतीने विवाह संपवताना कायदा दोघांना वेगवेगळे विचारतो, एकदा नव्हे दोनदा विचारतो, मध्ये विचाराला अवधी देतो. लग्न लावताना असे कोणी विचारले होते काय? पंधरा वर्षांच्या आत जिचे लग्न लावले गेले, तिला अठरा पूर्ण होण्याआधी ते नाकारून घटस्फोट मागण्याचा हक्क १९७६च्याच दुरुस्तीने दिला. पण तो हक्क वापरण्याच्या वयात ती कोणाच्या घरात असते, हे सांगायला नको. कित्येक स्त्रियांना आपले मत अधिकृतपणे विचारले जाण्याचा आयुष्यातला पहिला प्रसंग म्हणजे कलम १३-बची सुनावणी होय. तिथे तरी तो प्रश्न घाईत, मान खाली घालून 'हो' म्हणवून घेण्यापुरता विचारला जाऊ नये, एवढी अपेक्षा जास्त नाही.

शेवटी पुन्हा शब्दाकडे येऊ. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो अमलात आणला. कोणाला जातीबाहेर टाकणे, त्याच्याशी व्यवहार तोडणे हा आता गुन्हा आहे. म्हणजे मनुस्मृतीच्या अर्थाने घटस्फोट करणे महाराष्ट्रात दंडनीय आहे, आणि हिंदू विवाह कायद्याच्या अर्थाने घटस्फोट घेणे हा हक्क आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ अजून लोकांच्या मनात पुरेसे वेगळे झालेले नाहीत. न्यायालयाने दोषी कोणालाच ठरवलेले नसते, तरी हुकूमनामा घेऊन गावी परतलेल्या स्त्रीसमोर गल्ली घट उलथून ठेवते. हळदी-कुंकवाला बोलावणे येत नाही, भाड्याची खोली मिळत नाही. कायद्याने दोषाचा निकाल काढून टाकला. तो शब्दातून आणि व्यवहारातून काढणे हे काम कायद्याचे नाही. ते भाषा वापरणाऱ्यांचे आहे, म्हणजे आपले आहे. 'काडीमोड' हा शब्द आपण अडाणी म्हणून मागे टाकला. गवताच्या काडीइतक्या हलक्या हाताने, कोणाला पतित न करता, दोन माणसांना एकमेकांपासून मोकळे होता येते, हे त्या अडाणी शब्दाला ठाऊक होते.